चौकापर्यंत पुरेल एवढी हवा

बोरी अरब गावात शब्बीरमियाच्या चक्कीचा पट्टा थांबला, की बायांना कळायचं, आज दळण मिळत नाही. आणि रिकामटेकड्या पुरुषांना कळायचं, आज डोमाजी बोलणार.

चक्कीचे दगड झिजून गुळगुळीत झाले, की दाणा नुसता चिरडतो, पीठ होत नाही. मग वरचा दगड उपडा करायचा आणि छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा खाचा पाडायच्या. याला म्हणतात टाकी लावणं. डोमाजी वीसेक वर्षं हेच करत आला. गंमत अशी, की ज्या गावात त्याला विहिरीच्या दोराला हात लावायची सोय नव्हती, त्या गावातली भाकर न भाकर त्याच्या छिन्नीखालून जात होती. पाणी बाटायचं, पीठ नाही. डोमाजी दगडावर टकटक करता करता मोठ्यानं विचारायचा, "काहून गा, विटाळ काय निस्ता ओल्यालेच लागते? कोरड्याले पचते काय?"

पिठाचे डबे घेऊन उभे असलेले शहाणे लोक तेव्हा छताकडे बघत. छत फार बघण्यासारखं होतं असं नाही.

नकला करणं हा तर त्याचा खरा धंदा. टाकी हा जोडधंदा. पाटलांच्या ढेकरेपासून गुरुजींच्या शिंकेपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात जमा होतं. शब्बीरमिया गल्ल्यावरून ओरडायचा, "अरे डोमाजी, मुँह पे फडका बांध बाबा! पत्थर का आटा खा रहा तू!"

"बांधतो ना मिया. मंग बोलू कुठून? कानातून?"

फडकं खिळ्यालाच लटकत राहिलं. दगडाची भुकटी मात्र पिठाहून बारीक. ती त्याच्या मिशीत बसायची, भुवयांवर बसायची, आणि तोंड कधीच मिटलेलं नसल्यानं सरळ आत जायची. गावात सगळ्यांत मोठं उघडं दार तेच होतं.

छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं वस्तीतले सगळे शेंदरी देव एका टोपलीत भरले आणि डोक्यावर घेऊन नदीच्या डोहापाशी गेला. वस्ती मागं, श्वास रोखून. डोमाजीनं एकेक देव उचलून पाण्यात सोडला आणि म्हणाला, "पोहता येत असन तं या वर. आम्ही थांबतो." खरंच थांबला. बिडी संपेपर्यंत थांबला. कुणी वर आलं नाही. "चला, जेवाले," म्हणाला, आणि सहा वर्षं त्याच एका वाक्यावर वस्तीला हसवत राहिला.

याचं ज्या बाईला हसू आलं नाही, ती हंसाबाई. मरीआईचं देऊळ चौकात, आणि मरीआई अंगात यायची ती हंसाबाईच्याच. आधी वस्तीतले लोक डफ वाजवत, बोकड आणत, तिच्या पायाशी लोळण घेत. आता डफ थांबला. डफाशिवाय अंगात येणं म्हणजे वाजंत्र्यांशिवाय लग्न. नवरी असते, पण बघायला कोण जातं? हंसाबाई मंगळवारी घुमायची, आणि समोर दोन कोंबड्या आणि तिची स्वतःची सून. सूनही भाकरी टाकायची आठवण झाली की उठून जायची.

मग बासष्टच्या पावसाळ्यात हंसाबाईचं नशीब उघडलं. डोमाजीची वाक्यं तुटायला लागली.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. जो माणूस बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला टोमणा फेकायचा, तो मधेच थांबून दम घ्यायला लागला. लोकांना वाटलं, नवीन नक्कल आहे. हसले. मग कोरडा खोकला आला. बोटांची टोकं फुगून डफाच्या टिपरीसारखी झाली. बसून असला की ठणठणीत. उठून चार घरं चालला की ओठ जांभळे, जसे काही जांभळं खाऊन आला. त्याची बायको सत्यभामा म्हणायची, "बसल्यावर राजा, उठल्यावर फकीर."

एका मंगळवारी हंसाबाईनं केस सोडले आणि चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात घुमली. "हूंऽऽ! मले पाण्यात बुडवलं! मी त्याच्या छातीवर बसली! हूंऽऽ! यंदा जयंतीले त्याले चौक पाहू देनार नाई! येथी येन तं आडवा होईन!"

सांगणाऱ्यानं हे डोमाजीला हुंकारांसकट सांगितलं. डोमाजीनं हुंकार सुधारून दिले. "तसा नाई, नाकातून काढते थे. हूंऽऽ. असा." मग दम खाऊन म्हणाला, "छातीत दगड हाये, खरं हाये. पण थो देवीचा नाई. शब्बीरमियाच्या चक्कीचा हाये."

वस्ती हसली, पण पूर्ण नाही. सत्यभामेचा कान तिखट. तिला हसण्यातली ती फट ऐकू आली. कुठल्या दोन-तीन घरांत कणगीच्या तळाशी, ज्वारीखाली, एकेक शेंदरी दगड लपवून ठेवलेला आहे हे तिला ठाऊक होतं. सगळे देव टोपलीत गेले नव्हते.

"ऐका," ती नवऱ्याला म्हणाली. "कणगीतले देव खाकरून राह्यले. तुमी चौकात पडले, की दुसऱ्या दिवशी थे बाहीर येतीन."

डोमाजीला हे कळलं. दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीची मिरवणूक चौकात जाऊन निळा झेंडा लावायची, आणि झेंड्याचा दोर ओढायचा डोमाजीच. यंदा तो आडवा झाला, तर मरीआई नदीतून पोहत वर आली असं होणार होतं. गाडीत बसून गेला तरी तेच. गाडीतून काय, तिरडीवरूनही माणूस चौकात जातो.

फाल्गुनात शब्बीरमियानं त्याला यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं एक थोरले डॉक्टर होते. ते जेवल्यासारखे बोलायचे, प्रत्येक शब्द चावून. त्यांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. "पडून राहायचं. चालायचं नाही. ओझं नाही. बोलणं, नाही." आणि डोमाजीला खाटेवर आडवं करून नाकाला रबरी नळी लावली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीमागं माणसाएवढा लोखंडी नळा, प्राणवायू दाबून भरलेला. हवा पाण्यातून बुडबुड करत यायची. डोमाजी दिवसभर पडून बुडबुडे ऐकत राहिला आणि वैतागला.

"निजाले माह्या घरची हवा पुरते," तो म्हणाला. "चालाले पुरत नाई. अन् तुमी मले निजवून हवा देऊन राह्यले. भरल्या पोटाले जेवाले वाढता अन् उपाश्याले म्हणता, जा, हात धू."

थोरल्या डॉक्टरांनी हे वाक्य चावलं, पण गिळलं नाही. त्यांच्याबरोबर पुण्याहून नव्यानं आलेली एक डॉक्टरीण होती. ती हसली. मग फोटो घेऊन त्याच्याजवळ बसली.

"हे बघा, बाबा. जखम भरली की कातडी आवळते ना, व्रण पडतो? तसे व्रण तुमच्या फुप्फुसात आतून पडलेत. दगडाच्या धुळीनं. बसलात की त्यातून भागतं. चाललात की रक्ताला हवा कमी पडते, म्हणून ओठ जांभळे होतात. हे व्रण काही जाणार नाहीत, हं. मी खोटं सांगणार नाही. पण विलायतेतल्या डॉक्टरांनी लिहिलंय, असल्या रोग्याला चालताना हवा दिली तर तो जास्त चालतो. बघायचं?"

"विलायतेत चक्की हाये काय?" डोमाजीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात वरात निघाली. पुढं डोमाजी, नाकात नळी. मागं चाकांच्या गाडीवर नळा, आणि गाडी ढकलणारा हरिसिंग. हरिसिंग तांड्यावरचा बंजारा, दवाखान्यातला जुना मदतनीस. नळा उघडायचा पाना त्याच्या कमरेला, आणि चेहरा असा, की जगातली सगळी हवा त्याच्या सासऱ्यानं हुंड्यात दिली आहे. आधी डॉक्टरणीनं डोमाजीला नळीशिवाय चालवलं. तो अर्ध्या व्हरांड्यात भिंतीला टेकला. मग बसवलं, निवू दिलं, आणि नळी लावून चालवलं. तो टोकाला गेला, वळला, परत आला. ओठांवर जांभळं नव्हतं. धाप होती, पण माणसाची, भात्याची नाही.

डॉक्टरणीनं त्याला आणखी एक शिकवलं. "गरम चहा फुंकता ना? तसा ओठ आवळून श्वास सोडायचा. सावकाश. आणि चालताना बोलायचं नाही. हवा एकाच कामाला पुरते, बाबा. एक तर पायाला, नाही तर तोंडाला."

हे शेवटचं ऐकून डोमाजीचं तोंड असं झालं, की तिनं पुन्हा नाडी पाहिली.

जयंतीचं कळल्यावर तिनं दवाखान्यातला लहान नळा द्यायचं कबूल केलं, हरिसिंगसकट. आणि हरिसिंगला सगळ्यांदेखत बजावलं, "या हवेजवळ विस्तव नको. ठिणगीचा भडका होतो. बिडी, दिवा, उदबत्ती, काही दिसलं की आधी नळा बंद. मग बाकी काय ते." हरिसिंगनं पान्यावर हात ठेवून मान हलवली. विस्तव दिसला की गाडी घेऊन पळायचं, एवढं त्यानं गाठीला बांधलं.

जयंतीच्या दिवशी सकाळी एसटीच्या टपावरून नळा बोरी अरबात उतरला. वस्ती स्टँडवर हजर. आता या लोकांनी देव सोडून सहा-साडेसहा वर्षं झाली होती, पण हातांना कुणी सांगितलं नव्हतं. नळा जमिनीला टेकताच कुणी हार घातला. कुणी कुंकू लावलं. एका म्हातारीनं बोटं मोडून दृष्ट काढली. आणि दोन पोरं उदबत्त्यांचा पुडा पेटवून पुढं आली.

हरिसिंग एसटीच्या टपावर होता. तिथूनच त्यानं बोंब ठोकली. "आग! आग! मरो ना सबजण! इझवा थे!" एसटीतले उतारू खिडक्यांतून बाहेर आले. उदबत्त्या मातीत गेल्या.

डोमाजी स्टँडच्या लिंबाखाली बसला होता. बसल्यावर राजाच तो. "शाबास रे पोट्ट्यांनो! दगडाचे देव बुडवले, आता लोखंडाचा आणला. याले बोकड केव्हा कापता?"

पोरं ओशाळली. सत्यभामा मात्र पदरानं नळ्यावरचं कुंकू पुसत शांतपणे म्हणाली, "हसाले काय जाते तुमाले. दगडाच्या देवाले जलमभर कुंकू लावलं, त्यानं कधी एक श्वास देल्ला? हा तं देऊन राह्यला. चुकून लावलं असन."

डोमाजीनं पोरांना नळा सावलीत घ्यायला सांगितलं. घरात त्याचं असंच व्हायचं; म्हणून तर तो बाहेर एवढा बोलायचा.

ऊन कललं तशी मिरवणूक निघाली. पुढं तसबिरीची सजवलेली बैलगाडी, मग बँड, मग डोमाजी पांढऱ्या धोतरात, नाकात नळी. त्याच्या बाजूला शब्बीरमियाच्या चक्कीचा हातगाडा, एरवी पिठाची पोती वाहणारा; त्यावर नळा, आणि गाड्याला हरिसिंग. शब्बीरमिया स्वतः चक्कीच्या दारात उभा राहून ओरडला, "डोमाजी! आज तो मुँह बंद रख बाबा!" डोमाजीनं नुसता हात हलवला. बघणाऱ्यांना हा पहिला चमत्कार वाटला.

बँडला त्याच्या चालीनं वाजवावं लागत होतं. जोशाचं गाणं इतकं संथ झालं, की कुणीतरी म्हणालं, "हा बँड झोपेतून चालून राह्यला काय?" रस्त्याच्या कडेला शहाणी माणसं ओट्यांवर मांडी घालून बसली होती, जणू तमाशाचं तिकीट काढून. "पडन," एक जण म्हणाला. "वळणावर पडन," दुसरा म्हणाला. वळण गेलं. "आता चढावर," तिसरा म्हणाला. डोमाजीला सगळं ऐकू येत होतं. प्रत्येकाला द्यायला एकेक चपराक जिभेवर तयार होती. तो चहा फुंकत राहिला.

चढ संपला, चौक दिसला, आणि चौकाच्या तोंडाशी हंसाबाई.

मळवट भरलेला, केस सुटे, आणि उजव्या तळहातावर जळता कापूर. मोठी वडी होती. हंसाबाईनं हिशेब केलेला होता: इतका दमेकरी माणूस, चौकाच्या तोंडाशी येईतो मोडकळीला आलेला असणार, कापूर पेटवायचा, एक किंकाळी मारायची, की पडलाच. कापूर विझायच्या आत सगळं आटोपलं.

"हूंऽऽ! ये डोम्या, ये! आईच्या दारातून जाऊन दाखव!"

हरिसिंगला आई दिसली नाही, मळवट दिसला नाही. त्याला विस्तव दिसला. त्यानं पाना काढला, नळा बंद केला, डोमाजीच्या नाकातली नळी ओढून काढली आणि हातगाडा मागं खेचायला लागला.

"अबे हरिसिंग!" सत्यभामा धावली. "काय करून राह्यला?"

"आग हाये तवर हवा नाई, माय! थे बाई इझन, मंग मी येतो!" आणि हरिसिंग गाडा घेऊन चढाखाली.

बँड थांबला. ओट्यांवरची माणसं उभी राहिली. वस्तीतली दोन-तीन माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ती कणगीवालीच होती.

झेंड्याचा खांब चौकाच्या पलीकडं. हातगाडा मागं. डोमाजी मधे, घरच्या हवेवर.

त्यानं पाऊल टाकलं. थांबला. ओठ आवळून फुंकर सोडली. दुसरं टाकलं.

"बोल ना!" हंसाबाई त्याच्या बाजूनं उलटी चालत ओरडली. "लय चुरुचुरु बोलत होता! पोहता येत असन तं या म्हणे! काहून वाचा बसली? आईनं वाचा बसवली तुही!"

आता हे म्हणजे उपाशी माणसापुढं ताट. डोमाजीच्या जिभेवर उत्तर होतं, असं उत्तर, की गावानं पुढची दहा वर्षं चघळलं असतं. त्यानं तोंड उघडलंही. सत्यभामेनं ते पाहिलं आणि ती दोन पावलं पुढं आली. त्या एका वाक्याला किती श्वास लागतील हे तिला ठाऊक होतं. डोमाजीनं खांबाकडं पाहिलं. मग उघडलेलं तोंड आवळून घेतलं, चहा फुंकला, आणि पाऊल टाकलं.

ओठ जांभळे होत चालले. पाय शिशाचे. कानात चक्कीचा पट्टा सुरू झाल्यासारखा आवाज. तो मधेच गुडघ्यावर हात टेकून वाकला, आणि सगळा चौक वाकला. सरळ झाला. पुन्हा चालला. गोगलगायही त्याला वळसा घालून पुढं गेली असती.

आणि हंसाबाईचा हिशेब इथं चुकला. पडणारा माणूस झटकन पडतो; हा पडेना, पोचेना. कापूर मात्र जळत राहिला. घुमणारी बाई कापूर कशी टाकणार? देवीला चटका बसतो होय? ती या हातावरून त्या हातावर करायला लागली. हुंकार बारीक झाले. कपाळाचा मळवट घामानं नाकावर आला. डोमाजीनं पुन्हा एकदा थांबून सावकाश, अगदी सावकाश फुंकर सोडली, जसा काही चहा फारच गरम आहे.

"अगाऽऽ माय माय! भाजलं वं!"

हा आवाज देवीचा नव्हता. हा आवाज गावाला तव्यावरून ओळखीचा होता. कापूर धुळीत पडला आणि हंसाबाई हात काखेत घालून देवळाच्या पायरीवर बसली. सून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. सून आज बघायला आली होती.

डोमाजीनं खांबाला मिठी मारली. झेंड्याचा दोर त्याच्या हातात सत्यभामेनं दिला, आणि वर त्याच्या हातावर आपला हात ठेवला. झेंडा वर गेला तो दोघांच्या हातानं. लांबून पाहणाऱ्यांना एकाच्याच वाटला.

हरिसिंग गाडा घेऊन धडधडत आला. कापरावर आधी माती लोटली, मग पाण्याची बादली ओतवली, मग पाच वेळा इकडं तिकडं हुंगलं, आणि तेव्हा कुठं पाना फिरवला. डोमाजी खांबाला पाठ लावून बसला. बुडबुडे सुरू झाले. जयभीमच्या घोषणा थांबल्या. ओट्यांवरची शहाणी माणसं खाली उतरून जवळ आली. आता डोमाजी बोलणार, हे गावाच्या हाडात भिनलेलं होतं, आणि गाव उधारीवर ठेवलेलं ते उत्तर घ्यायला थांबलं होतं.

जांभळेपण उतरलं. डोमाजीनं नळी जराशी बाजूला केली. सत्यभामेनं डोळे वटारले. त्यानं तिच्याकडं पाहिलंच नाही.

"हंसाबाई," तो म्हणाला, दम घेत, एकेक शब्द सुटा. "देवी होती... तं भाजली कशी? अन् तूच होती... तं देवीले कायले... मधात आणलं?"

चौक हसला. या वेळी हसण्यात फट नव्हती. हंसाबाईची सूनसुद्धा तांब्याआड हसली.

पुढच्या बाजारी नदीच्या घाटावर धुणं आपटायला दोन-तीन नवे दगड आले. एका बाजूला शेंदूर अजून चिकटलेला होता. बायांनी विचारलं नाही, कुणाचे. दगड चांगले होते.

डोमाजी पुढच्या पावसाळ्यात गेला, बसल्या बसल्या, एका नकलेच्या मध्यात. हंसाबाईनं केस सोडून पाहिले, पण ऐकायला कुणी आलं नाही; सगळे मयताला गेले होते. हरिसिंगही तांड्यावरून आला होता, आणि तिथंही त्यानं उदबत्ती पेटवणाऱ्याकडं एकदा दचकून पाहिलं.

शब्बीरमियानं नवा टाकीवाला ठेवला. त्याला पहिल्या दिवशी खिळ्यावरचं फडकं स्वतःच्या हातानं बांधलं, पक्क्या गाठीनं. नवा माणूस टाकी चांगली लावतो, पीठ बारीक येतं. पण चक्की बंद असली की आता चक्कीपाशी कुणी थांबत नाही. डबे ठेवतात आणि घरी जातात.